समुद्राचं पाणी गोडं करणारा इक्वियानो

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब टपटपतात ना, ते कधी चाखून बघा, मिठाची चव नसते, मग भातात मीठ कितीही पडलेलं असो. 1773 साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या 'रेसहॉर्स' या ब्रिटिश जहाजावर एक माणूस रोज हेच करत होता, फक्त पातेलं मोठं होतं आणि त्यात समुद्र होता.

ओलाउदा इक्वियानो त्याचं नाव. लहानपणीच पळवून गुलाम म्हणून विकलेला, त्याच्या सांगण्यानुसार आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखातला (बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र जन्म अमेरिकेतल्या कॅरोलायनाचा लिहिलाय, त्यावरून इतिहासकारांचं अजून वाजतं). मालकाच्या जहाजांवर राबता राबता त्यानं बारीकसा धंदा सुरू केला, एका बेटावर तीन पेन्सला काचेचा ग्लास घ्यायचा, दुसऱ्यावर सहाला विकायचा, असं साठवत साठवत 1766 मधे साधारण 40 पौंड मोजले आणि स्वतःलाच सोडवून घेतलं.

पुढे लंडनमधे डॉ. चार्ल्स आयर्विंगकडे कामाला लागला, तेही केस विंचरून सजवायच्या कामाला! पण हा डॉक्टर समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायच्या नादात होता. खारं पाणी पिऊन तहान का भागत नाही? एका लिटरमधे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आपल्या किडनीला एवढी खारट लघवी बनवता येत नाही, त्यामुळे ते मीठ बाहेर काढायला प्यायलो त्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं. उपाय शाळेतलाच, ऊर्ध्वपातन. मीठ खाली राहतं, पाण्याची वाफ होते. गोची अशी की पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपटीहून जास्त ते वाफ व्हायला खातं, आणि भर समुद्रात जळण आणणार कुठून? आयर्विंगची युक्ती साधी होती: स्वयंपाकाची भट्टी तशीही पेटलेलीच असते, तिच्यावरच्या हंड्याला लांब नळी जोडा आणि नळी बाहेरून ओल्या फडक्यानं गार ठेवा. संसदेनं याला 5000 पौंड बक्षीस दिलं. 'रेसहॉर्स'वर हा डॉक्टर इक्वियानोला सोबत घेऊन गेला, आणि इक्वियानोनं लिहून ठेवलंय की तिथं तो दिवसाला 26 ते 40 गॅलन गोडं पाणी काढायचा, म्हणजे साधारण 100 ते 150 लिटर.

पठ्ठ्या झोपायचा मात्र डॉक्टरच्या सामानाच्या खोलीत, जिथं तागाचे तंतू आणि तेजाब ठासून भरलेलं. एका रात्री रोजनिशी लिहिताना मेणबत्तीची ठिणगी तागावर पडली आणि खोली भडकली, लोकांनी धावत येऊन घोंगड्या-गाद्या टाकून आग विझवली. कॅप्टनचा ओरडा खाल्ला, दिवा न्यायला बंदी झाली, तरी काही दिवसांनी गडी परत तिथंच मेणबत्ती घेऊन लिहीत बसला.

पाण्यानं त्याची पाठ सोडली नाही. 1781 मधे 'झोंग' या गुलाम नेणाऱ्या जहाजावरून 130 च्या आसपास माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी डोक्यामागे 30 पौंड विमा मागितला, कारण काय तर पाणी संपत आलं होतं. 19 मार्च 1783 ला ग्रॅनव्हिल शार्प या गुलामीविरोधी कार्यकर्त्याच्या दारात ही बातमी घेऊन गेला तो इक्वियानोच, आणि तिथून प्रकरण पेटलं. कोर्टात निघालं की फेकाफेकी चालू असतानाच पाऊस पडला होता, आणि जहाज जमैकाला लागलं तेव्हा त्यावर 420 गॅलन पाणी शिल्लक होतं. इक्वियानोच्या भट्टीला तेवढं काढायला दहा दिवसांच्या वर लागले असते.