स्थिर-विद्युत बलांची गणिते

प्रभारित वस्तू एकमेकींना किती बलाने आणि कोणत्या दिशेने ओढतात किंवा ढकलतात, हे काढण्याची रीत. मुंबईच्या ज्युनिअर कॉलेजांत हा भाग अकरावीला भेटतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांचा ‘प्रभार’ तिथे एका दिवसात ‘चार्ज’ होतो आणि ‘सदिश’, म्हणजे परिमाणाबरोबर दिशाही असलेली राशी, ‘व्हेक्टर’. पण शब्दांचा अडसर महिन्याभरात सुटतो. खरी अडचण दिशेची असते आणि ती कोणत्याही माध्यमाच्या मुलाला येते.

शार्ल कूलोम या फ्रेंच अभियंत्याने १७८५ मध्ये, तारेला पडणाऱ्या पिळावरून बल मोजून नियम मांडला : बल दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. एसआय एककांत, निर्वातात, स्थिरांक सुमारे ९ अब्ज. हवेतही तोच धरतात. प्रभार दोनाहून जास्त असले, तर प्रत्येक जोडीचे बल बाकीचे प्रभार नाहीतच असे समजून काढायचे आणि मग सर्व बलांची सदिश बेरीज करायची. हे अध्यारोपणाचे तत्त्व.

वरळीच्या अभ्यास गल्लीत दिव्याखाली वही उघडून बसलेल्या मुलीसमोर असे गणित आहे असे धरू. काटकोनाच्या शिरोबिंदूवर +१ मायक्रोकूलोम (प्रभाराचे एकक कूलोम, त्याचा दहा लाखावा भाग). त्याच्या डावीकडे ३० सेंमीवर +३, खाली ३० सेंमीवर −४ मायक्रोकूलोम. शिरोबिंदूवरच्या प्रभारावर एकूण बल किती?

सूत्राला हात लावण्याआधी तिने आकृती काढावी. डावीकडचा प्रभार सजातीय, म्हणून तो उजवीकडे ढकलणार : एक बाण उजवीकडे. खालचा विजातीय, तो ओढणार : दुसरा बाण खाली. चिन्हांचे काम इथेच संपले. सूत्रात आता फक्त परिमाणे घालायची. पहिले बल ०.३ न्यूटन, दुसरे ०.४. बाण काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस : परिणामी बल ०.५ न्यूटन, उजव्या दिशेच्या सुमारे ५३ अंश खाली.

ज्याने बाण काढले नाहीत, त्याचे उत्तर ०.७ येते. ज्याने ऋण चिन्ह सूत्रात नेऊन सरळ बेरीज केली, त्याचे ०.१. प्रवेश परीक्षेच्या चार पर्यायांत ही दोन्ही उत्तरे असली, तर तो निर्धास्तपणे चुकीच्या गोलावर खूण करतो. अशा मुलाला ‘सूत्र पाठ कर’ म्हणणे अन्यायाचे आहे. सूत्र त्याला येतेच, त्याला पेन्सिल हातात घ्यायला शिकवायला हवे. एककांची चूक त्या मानाने साधी, पण महागात पडणारी : सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले की बल १०,००० पटींनी चुकते.

बाण काटकोनात नसतील तर प्रत्येकाचे आडवे व उभे घटक पाडून वेगवेगळे मिळवतात. मात्र आधी आकृतीतली सममिती पाहावी. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारखेच प्रभार असतील, तर मध्यबिंदूवरच्या प्रभारावर समोरासमोरची बले एकमेकांना रद्द करतात आणि उत्तर एका ओळीत शून्य येते.

हा सगळा हिशेब घरी डोळ्यांनी पाहता येतो, पण जुलैत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात कंगवा केसांवर कितीही घासला तरी कागदाचे कपटे बहुधा हलत नाहीत, कारण दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून निसटतो. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या सकाळी, तेल न लावलेल्या केसांवर प्लास्टिकचा कंगवा घासून पाहावा. कपट्यावर एकूण प्रभार शून्य, तरी तो उडी मारून चिकटतो. कंगव्याचा प्रभार कपट्यातले विजातीय प्रभार किंचित जवळ आणि सजातीय किंचित लांब सरकवतो. जवळच्यांवर आकर्षण, लांबच्यांवर प्रतिकर्षण. दोन बाण एकाच रेषेत, उलट दिशांना, आणि जवळच्यांचा बाण मोठा, म्हणून कपटा कंगव्याकडे ओढला जातो.