जंगलपट आणि बालप्रेक्षक (खानदेश)

जंगल, वन्यप्राणी आणि त्यांच्यात वावरणारे मूल किंवा साहसी नायक यांच्याभोवती रचलेला, सहकुटुंब पाहण्याजोगा चित्रपट म्हणजे जंगलपट. प्रस्तुत नोंदीत खानदेश म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पर्यंत धुळ्याचा भाग) हे जिल्हे धरले आहेत.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याची सुरुवात टारझनपासून होते. एडगर राइस बरोज यांची ही कथा १९१२ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरचा मूकपट १९१८ साली आला. दुसरे मत मुळे सर्कशीत शोधते. विष्णुपंत छत्रे यांची सर्कस १८८० च्या सुमारास उभी राहिली आणि पडदा येण्याआधीच वाघ-सिंह पाहायला पोराबाळांसह जाण्याची सवय मराठी मुलखाला लागली. वाडिया मूव्हिटोन या मुंबईच्या चित्रपटसंस्थेची नायिका नादिया ही चित्रपटात येण्यापूर्वी सर्कशीत काम करीत होती. त्याच संस्थेच्या ‘तूफानी टारझन’ला (१९३७) नाव परके असले, तरी कसरती व शिकवलेली जनावरे हा सर्कशीचाच वारसा होय. भारतापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

याहून मोठा वाद मोगलीकथांच्या स्थळाचा आहे. रडयार्ड किपलिंगने ‘द जंगल बुक’ व त्याच्या दुसऱ्या भागात (१८९४–९५) त्या मध्य प्रदेशातील सिवनीच्या टेकड्यांत घडविल्या. या टेकड्या सातपुड्याच्या पूर्व अंगाला आहेत आणि खानदेशची उत्तर सीमा त्याच रांगेच्या पश्चिम भागाने आखलेली आहे. मात्र किपलिंग सिवनीला गेल्याचा पुरावा मिळत नाही. पहिल्या कथेच्या आरंभीच्या खर्ड्यात मेवाडकडील अरवलीचा उल्लेख होता, सिवनी नंतर आली. वनाची वर्णने रॉबर्ट स्टर्नडेलच्या सातपुड्यातील शिकारवर्णनातून (१८७७) घेतली असावीत, असे सामान्यतः मानतात. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलाची कल्पना सिवनीतल्याच घटनेवरून सुचली, असा तिकडील दावा आहे. पण ब्रिटिश अधिकारी स्लीमनने मुख्यतः अवधमधून गोळा केलेल्या हकिकती (१८५२) हा आधार अधिक भक्कम दिसतो.

मुलांसाठी योग्यायोग्यता ठरविताना एकाच कथेची रूपे ताडून पाहावीत. मूळ कथेत मोगली म्हशींचा कळप दोन्ही अंगांनी घळीत घुसवतो आणि शेरखान हा वाघ खुरांखाली तुडविला जातो. ‘द जंगल बुक’ याच नावाच्या १९६७ च्या व्यंगचित्रपटात शेपटीला जळती फांदी बांधल्यावर तो पळून जातो, मरत नाही. त्याच नावाच्या २०१६ च्या चित्रपटात तो आगीत कोसळतो. शिवाय अकेला या म्होरक्या लांडग्याला तो कड्यावरून भिरकावून देतो. म्हशी हाकणारे पोर खानदेशात आजही दिसते, त्यामुळे पुस्तकातला क्रूर शेवट इथल्या मुलाला कदाचित सर्वांत ओळखीचा वाटेल.

२०१६ च्या चित्रपटाला भारतात ‘यू/ए’ (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे) प्रमाणपत्र मिळाले तेव्हा टीका झाली. मोगलीची गोष्ट मुलांचीच, मग पालकांची अट कशाला, असा सूर होता. प्रस्तुत लेखकाला चित्रपट प्रमाणन मंडळाचा निर्णय योग्य वाटतो. त्रिमिती पडद्यावर अंधारातून अंगावर येणारा वाघ आणि छापील पानावरचा वाघ यांत फार अंतर आहे. अमेरिकी माध्यम-संशोधक जोअ‍ॅन कँटर यांच्या संशोधनानुसार लहान मुले अक्राळविक्राळ रूपाला घाबरतात, तर मोठ्या मुलांना खरोखर घडू शकेल अशा संकटाची भीती वाटते. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यू/ए’चे ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे पाडले, हे या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र हे टप्पे पालकांना सूचना देतात. मुलांना बंदी ‘ए’ (केवळ प्रौढांसाठीच्या) वर्गात असते.

खरोखर घडू शकणाऱ्या संकटाची ही दुसरी भीती खानदेशात दूरची नाही. यावल अभयारण्य आणि मुक्ताईनगरकडील वनपट्टा यांच्या कडेला केळीच्या बागा आहेत, आणि बागेत बिबट्या दिसल्याची बातमी इथे नवी नसते. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. अशा गावातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला पडद्यावरची झडप दाखविण्याआधी त्याच्या घरात, शेजारात काय घडले आहे, हे विचारून घ्यावे. प्रमाणपत्रात हे कळत नाही. उलट सातपुड्यातील आदिवासी मुलाला वाघ देव म्हणूनही माहीत असतो. त्याला केवळ खलनायक झालेला वाघ खटकू शकतो.

यात्रांतील सिनेमाच्या फिरत्या तंबूंत पडद्यालगतची जमीन मुलांची असे. मान वर करून पाहताना जनावर दुप्पट भासे आणि बांबूला बांधलेला कर्णा कानाशीच असे. आज तंबू जवळजवळ गेले. जळगाव-धुळ्याच्या चित्रगृहांत किंवा मोबाइलवर हे चित्रपट पाहिले जातात, बहुधा हिंदीतून. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज दूरदर्शनवरील ‘जंगल बुक’ मालिकेत लाभला आणि २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही. घरी अहिराणी किंवा पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या लहानग्याला हिंदी संवाद अर्धेच उमगतात. अशा वेळी शेजारी बसलेल्या आजीने किंवा मोठ्या बहिणीने हळूच सांगितलेला अर्थ फार मोलाचा ठरतो.

प्राण्यांच्या वापराबाबतही बदल झाला आहे. १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांना खेळासाठी शिकविण्यास आणि त्यांचे खेळ करण्यास मनाई केली. २०१६ च्या चित्रपटात मोगलीचे काम करणारा मुलगा खरा असून प्राणी संगणकावर घडविलेले आहेत. ‘त्या वाघाला मारलं का?’ असे विचारणाऱ्या मुलाला हे जरूर सांगावे.