मूत्रमार्गातील अडथळा आणि गर्भाचे हृदय : पार्श्वभूमी

अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाचे मूत्राशय फुगलेले, मूत्रपिंडे सुजलेली आणि गर्भजल कमी आढळले, तर कोल्हापुरातील कोणत्याही कुटुंबाचा पहिला प्रश्न किडनीबद्दलचा असतो. वैद्यकाचे लक्षही अनेक दशके तिथेच होते. हृदयाचा विचार फार उशिरा सुरू झाला.

मुलग्यांच्या मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या जन्मजात झडपांचे वर्गीकरण ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये मांडले, परंतु तेव्हा हे निदान जन्मानंतरच शक्य होते. मूत्रपिंडेच नसलेल्या अर्भकांची फुप्फुसे खुंटलेली असतात, हे एडिथ पॉटर यांच्या १९४६ मधील वर्णनातून पुढे आले. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते, म्हणून लघवी अडली की गर्भजल आटते आणि फुप्फुसांची वाढ थांबते. ग्लासगोत इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये सोनोग्राफीचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर हा अडथळा जन्माआधी दिसण्याची वाट मोकळी झाली. सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांच्या चमूने १९८१ मध्ये गर्भाशय उघडून अशा बाळावर शस्त्रक्रिया केली, आणि पुढे मूत्राशयातील लघवी गर्भजलात सोडणारी बारीक नळी बसवण्याची पद्धत रूढ झाली. तिची पारख करणाऱ्या ब्रिटनमधील चाचणीत ३१ महिलाच सहभागी झाल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नळीमुळे बाळ जगण्याची शक्यता वाढत असावी असे दिसले, मात्र मूत्रपिंडे निरोगी राहण्याची आशा नळी बसवलेल्या आणि न बसवलेल्या अशा दोन्ही गटांत थोडीच होती.

या साऱ्यात हृदय मागे राहिले, याचे एक कारण गर्भाच्या रक्ताभिसरणातच आहे. रक्तातील टाकाऊ द्रव्ये वार काढून टाकते, त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाली तरी गर्भावस्थेत हृदय तग धरून असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यावर अनेक बाजूंनी ताण येऊ शकतो. नाभीच्या धमन्या मूत्राशयाच्या दोन्ही कडांनी जातात आणि ते ताणले गेले तर त्यांच्यावर दाब पडू शकतो; आजारी मूत्रपिंडांतून रक्तदाब वाढवणारी संप्रेरके स्रवू शकतात; शिवाय छाती आक्रसलेली असते. अशा काही गर्भांच्या इको तपासणीत हृदयाच्या भिंती जाड झालेल्या किंवा हृदयाभोवती पाणी साचलेले आढळते. येथे सावधगिरी हवी, कारण छातीच लहान असेल तर निरोगी हृदयही मोठे भासते. म्हणून केवळ आकारावर न थांबता कार्य मोजणे आवश्यक ठरते, आणि त्यासाठी चुवा तेई यांनी १९९५ मध्ये प्रौढांसाठी मांडलेला निर्देशांक पुढे गर्भासाठीही वापरात आला. हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या काळाशी, हृदयाच्या झडपा बंद असतानाच्या आकुंचन-शिथिलनाच्या काळाचे प्रमाण त्यात पाहतात.

कोल्हापुरात या निदानाला आणखी एक पदर आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, आणि गर्भलिंग तपासणीला आळा घालण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याचा उपक्रम याच जिल्ह्याने राबवला. यंग यांनी वर्णिलेल्या झडपा मुलग्यांमध्येच आढळतात. साहजिकच त्यांचे नाव उच्चारणे म्हणजे लिंग सांगणे होय, आणि गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने त्यास मनाई आहे. त्यामुळे अहवालात ‘मूत्रमार्गाच्या खालच्या भागात अडथळा’ एवढेच लिहिणे माझ्या मते योग्य आहे, कारण पुढील निर्णयाला तेवढे पुरते. हृदयाचे निष्कर्ष मात्र सविस्तर हवेत. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या सुधारणेनंतर २४ आठवड्यांपुढील गंभीर व्यंगाच्या प्रकरणात गर्भपाताबाबत वैद्यकीय मंडळ मत देते, आणि मंडळासमोर केवळ मूत्रपिंडांची मापे ठेवली, तर आईवडिलांना बाळाच्या प्रकृतीचे अर्धेच चित्र कळते.