ब्रेम्बो

मोटारी आणि मोटारसायकलींचे ब्रेक बनवणारी इटालियन कंपनी. १९६१ साली एमिलिओ बोंबास्सेई यांनी बेर्गामोजवळ सोंब्रेनो येथे एक वर्कशॉप काढले. त्यांचे चिरंजीव आल्बेर्तो हे पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. नाव तिथल्याच ब्रेम्बो नदीचे.

सुरुवातीची कामे मोटारींची, त्यात आल्फा रोमिओ हे मोठे गिऱ्हाईक. तेव्हा इटलीत ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, ब्रिटनहून येत. अशा डिस्क आणणाऱ्या ट्रकला अपघात झाला, खराब झालेला माल दुरुस्तीला या वर्कशॉपात आला आणि तिथून डिस्क स्वतःच बनवण्याचा विचार सुरू झाला, असे कंपनी सांगते. १९६४ पासून डिस्क निघू लागल्या. दुचाकीत प्रवेश १९७२ चा, मोटो गुझ्झीसाठी. १९९५ मध्ये शेअर मिलानच्या बाजारात आले, तरी ताबा घरातच राहिला. आल्बेर्तोंनंतर धुरा जावई मात्तेओ तिराबोस्की यांच्याकडे गेली.

ब्रेम्बोच्या भागांवरचे आकडे वाचता आले की निम्मे काम झाले. कॅलिपर म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड (घर्षणाच्या पट्ट्या) दाबणारा भाग. ‘पी४ ३०/३४’ या कॅलिपरमध्ये चार पिस्टन असतात, दोन ३० मिमीचे आणि दोन ३४ चे. फिरती डिस्क पॅडांच्या मध्ये शिरते त्या टोकाला लहान पिस्टन. सगळे सारखे ठेवले तर ते टोक लवकर झिजून पॅड तिरका होतो. मास्टर सिलिंडर म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल कॅलिपरकडे ढकलणारा भाग. त्यावरच्या ‘१९×१८’ मध्ये पहिला आकडा त्याच्या पिस्टनचा व्यास, दुसरा लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिथपासून पिस्टन ढकलणाऱ्या दाबदांड्यापर्यंतचे अंतर, दोन्ही मिमीत. दुसरा आकडा १८ वरून २० केला की लिव्हर कडक लागतो आणि प्रवास कमी होतो. नुसत्या नावावर भुलून मोठा मास्टर सिलिंडर बसवणारे मग ‘ब्रेक लाकडासारखा लागतो’ म्हणतात. दोष मालाचा नसतो, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरची जोडी चुकलेली असते. उलट फार लहान बसवला तर लिव्हर मुठीला टेकतो.

जुन्या कॅलिपरची नेहमीची तक्रार म्हणजे ब्रेक धरून राहणे. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग यात नसते. चौकोनी छेदाचे रबरी सील पिळले जाते आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे ओढते. सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार साठला की सील पिस्टनवर आवळते. नुसते नवे सील घालून भागत नाही, आधी खाच साफ करावी लागते, तीही कडेला ओरखडा न पाडता. ब्रेक ऑइल डॉट ४ या प्रतीचे. ते हवेतले पाणी शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये.

लहान दुचाकींसाठी ब्रेम्बोचा ‘बायब्रे’ हा वेगळा ब्रँड आहे. नाव ‘बाय ब्रेम्बो’चे आखूड रूप. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला त्याचाच चार पिस्टनांचा रेडियल (बोल्ट चाकाच्या आसाला काटकोनात असलेला) कॅलिपर असतो.