चौथीनंतरचे अंतर : गोव्यातील मुलींच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर काही वर्षांपूर्वी पाहण्यात आले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील त्या पानांवर मुलगे आणि मुली यांची नावे जवळजवळ बरोबरीने उतरलेली होती. फरक दिसत होता तो ‘शाळा सोडल्याचे कारण’ या शेवटच्या रकान्यात. चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलग्यांपुढे बहुतेक ठिकाणी ‘पुढील शिक्षणासाठी’ असा शेरा होता आणि मुलींपुढे, त्याच वळणदार अक्षरात, ‘घरकाम’. गोव्यातील स्त्रीशिक्षणाची आणि शाळांमधील समानतेची चर्चा बहुधा प्रवेशाच्या आकड्यांपासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती या रकान्यापासून सुरू व्हायला हवी.

पोर्तुगीज राजवटीत स्त्रियांसाठी उभी राहिलेली सर्वांत ठळक संस्था म्हणजे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ. त्याची स्थापना १६०६ सालची असली, तरी तो ख्रिस्ती जोगिणींसाठी (नन्ससाठी) होता, गावातल्या मुलींसाठी नव्हता. जुन्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांतील, चर्चच्या शाळांमध्ये संगीत व धर्मशिक्षण मिळे, पण त्यांचा लाभ प्रामुख्याने मुलग्यांना होई. नव्या काबिजादींत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगीज सत्ता पोहोचलीच नव्हती, आणि पोहोचल्यावरही शाळा पोहोचल्या नाहीत. तेथे देवळाच्या अग्रशाळेत (देवळालगतच्या धर्मशाळेत) किंवा एखाद्या सधन घराच्या सोप्यावर शेणवी मामा म्हणून ओळखले जाणारे शिक्षक मुलांना बाराखडी, पाढे आणि मोडी शिकवत. त्या घरच्या मुली दाराआडून ऐकत आणि त्यातल्या काही ऐकूनच वाचायला शिकत. पण पाटी त्यांच्या हाती क्वचितच येई.

याच काळात कायदा मात्र फार पुढे होता, आणि गोव्याच्या बाबतीत ही विसंगती वारंवार आढळते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि, हिंदू चालीरीतींसाठी १८८० च्या फर्मानाने राखून ठेवलेले काही अपवाद वगळता, वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. उर्वरित भारतात हिंदू मुलींना असा हक्क मिळायला आणखी कित्येक दशके जावी लागली. परंतु जिला दस्त वाचता येत नाही, तिने हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उठवणे किती सोपे असते, हे नोटरीच्या कचेरीबाहेर बसलेल्या कोणालाही ठाऊक असे. कायद्याने दिलेला वाटा निरक्षरतेने परत घेतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पणजीत लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाचे माध्यमिक विद्यालय, १८५४ साली सुरू झाले, परंतु ते शहराजवळच्या आणि पोर्तुगीज येणाऱ्या कुटुंबांचे शिक्षण होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर हिंदूंना धार्मिक व नागरी मोकळीक मिळाली आणि त्या सुमारास मराठी शाळा व वाचनालये उभी राहू लागली. पणजीच्या मुष्टिफंड या शिक्षणसंस्थेच्या नावातच घरोघरच्या मूठभर धान्याची कल्पना आहे. ती मूठ बाजूला काढणारे हात स्त्रियांचेच असत; शाळेत मात्र आधी मुलगे गेले.

येथे एका समाजाचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. देवळांच्या सेवेत बांधल्या गेलेल्या कलावंत आणि भाविणींच्या घरांत गाण्याच्या शिक्षणाला मान होता, आणि केरीच्या केसरबाई केरकर किंवा आज साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डीच्या मोगुबाई कुर्डीकर यांची विद्या त्याच मातीतली. प्रतिष्ठेच्या नावाखाली ज्या घरांनी मुलींना अक्षर नाकारले, ती घरे याच स्त्रियांच्या गाण्याला दाद देत होती. पैंगीणचे राजाराम पैंगीणकर आणि गोमंतक मराठा समाज या नावाने संघटित झालेल्या याच समाजातील इतर सुधारकांनी मुलींना देवळाच्या सेवेत बांधण्याच्या प्रथेविरुद्ध जी चळवळ चालवली, तिचे मुख्य साधन शिक्षण हेच होते. गोव्यात शाळेकडे मुलीच्या मुक्तीचे साधन म्हणून पाहण्याची ही एक आरंभीची वेळ मानता येईल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. इमारत नसेल तेथे देऊळ, मांड (गावाने एकत्र जमण्याची जागा) किंवा कोणाचे तरी घर चालले. शाळा हाकेच्या अंतरावर आल्याबरोबर मुलींची नावे पटावर आली. कोणत्याही प्रबोधनापेक्षा या जवळिकेचा परिणाम मोठा होता. मडगावजवळ नुवे येथे १९६४ साली मुलींसाठी कार्मेल महाविद्यालय सुरू झाले, आणि १९७३ मध्ये भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. तरीही वाड्यावरची मुलगी चौथीवरच थांबत होती, कारण पाचवी दूर होती: वाटेत रान, ओहोळ, पावसाळ्यात फुगलेली नदी, आणि सायंकाळी उशिरा परतणे. त्यात पाचवीपासून माध्यमही बदले. घरी कोणालाच न येणाऱ्या इंग्रजीशी मुलीची गाठ पडे आणि शिकवणीचा खर्च करायचाच तर तो मुलावर होई.

म्हणूनच १९७८-७९ मधील विद्यार्थ्यांचे अर्ध्या तिकिटाचे आंदोलन आणि १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब परिवहन महामंडळ यांना या इतिहासात जागा द्यावी लागते, जरी शिक्षणावरील अहवालांत त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. सवलतीच्या पासावर हायस्कूल गाठणे गरीब घरालाही परवडू लागले. अनुदानित शाळांना पुढे मिळालेल्या बालरथ बसगाड्या याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. जनगणनेनुसार १९९१ मध्ये गोव्यातील पुरुष साक्षरता ८३.६४ टक्के आणि स्त्री साक्षरता ६७.०९ टक्के होती. २०११ मध्ये हे आकडे अनुक्रमे ९२.६५ आणि ८४.६६ झाले, म्हणजे साडेसोळा टक्क्यांची दरी आठ टक्क्यांवर आली. मात्र त्याच २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे २२ टक्केच होते.

सर्वसमावेशकतेचा प्रश्न अलीकडे वेगळ्या रूपात समोर आला आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. दिव्यांग मुलांसाठी फोंड्यातील लोकविश्वास प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी विशेष शाळा चालवल्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांसोबत एकाच वर्गात शिकण्यावर भर दिला. वास्को, झुआरीनगर परिसरात बांधकामांवर आलेल्या मजुरांच्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या आवारापर्यंत येतात. त्या आत येतात की परत फिरतात, हे जवळ अंगणवाडी आहे की नाही यावर बरेचसे ठरते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या लाडली लक्ष्मी योजनेत अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलीच्या नावे एक लाख रुपये ठेवले जातात. त्या रकमेची ओळख बहुतेक घरांत आजही ‘लग्नाचे पैसे’ अशीच आहे, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

दरम्यान, पट कमी झाल्यामुळे साठच्या दशकातल्या अनेक वाडा-शाळा बंद पडल्या आहेत किंवा शेजारच्या गावातील शाळेत विलीन झाल्या आहेत. जे अंतर पूर्वी पाचवीला आडवे येत असे, ते आता काही वाड्यांवर पहिलीलाच आडवे येते, आणि सकाळी सात वाजता सहा वर्षांच्या मुलीला त्या शाळेपर्यंत कोण पोहोचवणार, ही चौकशी पालकसभेत पुन्हा ऐकू येऊ लागली आहे.