डिश आणि टॉवर: एका पट्ट्यातली जुनी ओढाताण

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजाराकडे केबलवाल्यांच्या गच्चीवरच्या मोठ्या डिश सी-बँडवर, म्हणजे 4 गिगाहर्ट्झच्या (4000 मेगाहर्ट्झच्या) आसपासच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतात. केबलवर मराठी चॅनल लावलं की चित्र आधी अशाच डिशमध्ये उतरलेलं असतं. 2022 च्या 5जी लिलावात या डिशच्या पट्ट्याला लागूनचा 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलकडे गेला. चॅनलांना 3700 ते 4200 उरला, मध्ये जेमतेम 30 मेगाहर्ट्झ मोकळे.

ही वाटणी मुळापासूनच सामाईक. 1963 च्या जिनिव्हा परिषदेत उपग्रहांना 4 आणि 6 गिगाहर्ट्झच्या आसपास जागा मिळाली, तिथे टेलिफोनचे मायक्रोवेव्ह टॉवर आधीपासून होते. त्यांना त्रास नको म्हणून उपग्रहाच्या सिग्नलच्या ताकदीवर मर्यादा आली. सिग्नल अशक्त, म्हणून डिश मोठ्या.

आपल्याकडे 1 ऑगस्ट 1975 ला ‘साइट’ हा उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा प्रयोग सुरू झाला. एटीएस-6 उपग्रह, 860 मेगाहर्ट्झ, 2400 गावं. गावात तीन मीटरची, कोंबड्यांच्या जाळीची डिश. बडोद्याशेजारच्या खेडा जिल्ह्यात मात्र उपग्रहाचा कार्यक्रम अहमदाबादला उतरवून जिल्ह्यातल्याच पीज गावच्या ट्रान्समीटरवरून पुन्हा सोडत. गावातल्या सेटला साधा अँटेना पुरे. माझ्या मते आकाश आणि जमीन यांची इतकी शहाणी वाटणी पुढे क्वचितच जमली.

वर्षभरात प्रयोग संपला. 860 च्या आजूबाजूला नंतर मोबाइल आले. इन्सॅट या भारताच्या उपग्रहांनी गावोगावच्या टीव्हीसाठी 2.5 गिगाहर्ट्झ वापरलं. त्यातलाही बराच भाग पुढे ब्रॉडबँड आणि 4जीकडे वळला. 1991 नंतर परदेशी चॅनल आले ते सी-बँडवर, आणि गच्च्या डिशनी भरल्या.

पट्टे वेगळे केले तरी भांडण मिटत नाही, कारण डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल उचलून वाढवणारा डबा. 36,000 किलोमीटरवरून आलेला सिग्नल उचलायचा म्हणून तो कमालीचा संवेदनशील, आणि जुने एलएनबी 3400 पासून सगळंच आत घेतात. शेजारच्या मोबाइल टॉवरने दणका दिला की एलएनबीच गुदमरतो. मग टॉवरपासून लांबच्या फ्रीक्वेन्सीवरच्या चॅनलचंही चित्र चौकोनी ठिकऱ्यांत फुटतं. उपाय म्हणजे फिल्टर: फीड हॉर्न (डिशने गोळा केलेला सिग्नल आत घेणारं नळीचं तोंड) आणि एलएनबीच्या मध्ये बोल्टने कसलेला, पोकळ चौकोनी नळीचा धातूचा तुकडा.

डीटीएचची छोटी छत्री केयू-बँडवर, 10 गिगाहर्ट्झच्या वर, त्यामुळे ती सुरक्षित वाटते. पण डीटीएच कंपन्याही बहुतेक चॅनल आधी सी-बँडवरूनच उतरवून घेतात.