कुट्टू

कुट्टू ऊर्फ बकव्हीट ही पॉलिगोनेसी कुळातली वर्षायू वनस्पती असून आंबट चुका आणि रुबार्ब हे तिचे भाऊबंद आहेत. शास्त्रीय नाव फॅगोपायरम एस्क्युलेंटम. इंग्रजी नावात ‘व्हीट’ असले तरी गव्हाशी तिचे काडीचेही नाते नाही. गहू गवताच्या कुळातला, ती मुळात गवतच नाही. दाणा तिकोनी, कडा धारदार, साल काळपट तपकिरी. युरोपातल्या बीच वृक्षाच्या फळासारखा दिसतो म्हणून डच भाषेत त्याला ‘बीच-गहू’ अशा अर्थाचे नाव पडले आणि इंग्रजी नावाचे मूळही तेच. मराठीत घोळ होतो तो वेगळाच. मेळघाटात पिकणारी कुटकी हे बारीक भरडधान्य आहे, कुट्टू नव्हे.

पीक दहा-बारा आठवड्यांत हाती येते. हलकी, आम्लधर्मी जमीन चालते, थंड हवा मानवते, पण हिमतुषार पडले की झाड करपते. फुले पांढरी किंवा गुलाबी आणि दोन तऱ्हेची असतात: काही झाडांवर कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) लांब व पुंकेसर (परागाचे तंतू) आखूड, काहींवर नेमके उलट. एका तऱ्हेचे पराग दुसऱ्या तऱ्हेच्या फुलावर पडले तरच दाणा भरतो. म्हणजे पीक बरेचसे मधमाश्यांच्या हवाली. या फुलांचा मध काळपट आणि चवीला काकवीच्या जवळ जाणारा असतो. दुसरी लागवडीची जात म्हणजे कडू कुट्टू, फॅगोपायरम टाटारिकम. ती स्वपरागित असते आणि अधिक उंचीवर पिकते. पीठ भिजवले की तिच्यातल्या रुटिन या द्रव्याचे विघटन होऊन कडवटपणा येतो. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या ल्यांगशानचे यी लोक हीच जात पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत.

कुट्टूचे मूळ घर चीनचा नैर्ऋत्य डोंगराळ भाग. जपानच्या क्योतो विद्यापीठाचे ओमी ओनिशी यांना १९९०च्या सुमारास युन्नानमध्ये लागवडीच्या कुट्टूचा रानटी पूर्वज सापडला. तिथून हे धान्य जपान, कोरिया, हिमालय आणि मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात पोहोचले. फ्रेंचमध्ये त्याला ‘सारासाँ’ आणि इटालियनमध्ये ‘ग्रानो साराचेनो’ म्हणतात. दोन्हींत अरब-मुसलमानांसाठी वापरला जाणारा जुना शब्द आहे. परकी वस्तू कुणाच्या तरी नावावर टाकायची, ही रीत सगळीकडचीच.

या पिठात ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. ज्वारीची भाकरी थापणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: पीठ ताणले की तुटते, लाटले की कडा फाटतात. कुट्टूचे जगभरचे पदार्थ पाहिले तर बहुतेक ठिकाणी याच एका अडचणीतून काढलेल्या वाटा दिसतात.

जपानी सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, ही त्यातली सर्वांत अवघड वाट. तिथे आधी कुट्टूची लापशी किंवा गरम पाण्यात घोटलेला गोळा खात. कापून केलेल्या शेवयांचा जुना उल्लेख १५७४ मधील, किसो खोऱ्यातल्या एका मंदिराच्या दप्तरात आहे. पाणी थोडेथोडे घालत बोटांच्या टोकांनी पीठ फिरवतात; आधी रव्यासारखे कण होतात, मग वाटाण्याएवढ्या गोळ्या, आणि मगच सगळे एकत्र मळतात. लांब लाटण्याने लाटलेली पोळी घडी घालून जड सुरीने बारीक कापतात. निव्वळ कुट्टूची शेवई करणे कसबी हाताचे काम, म्हणून ‘निहाची’ हे प्रमाण रूढ झाले: दोन भाग गहू, आठ भाग कुट्टू. इटलीच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातल्या पित्झोक्केरी या रुंद पट्ट्यांतही तेल्यो गावच्या प्रमाणित कृतीनुसार ४०० ग्रॅम कुट्टूला १०० ग्रॅम गव्हाचे पीठ लागते. हेही प्रमाण चारास एकच! तिथे मात्र सोबत कोबी, बटाटा, चीज आणि लसूण घालून तापवलेले भरपूर लोणी असते. सोबा शिजवलेले पाणी जपानी लोक टाकत नाहीत. शेवया बुडवून खायच्या सॉसपैकी जो उरतो त्यात ओतून पेजेसारखे पितात. ३१ डिसेंबरच्या रात्री सोबा खायची चाल आहे. ती सहज तुटते, तशी सरत्या वर्षाची पिडाही तुटावी, असा त्याचा एक अर्थ लावतात.

दुसरी वाट साच्याची. भूतानच्या बुमथांगमध्ये ‘पुता’ नावाच्या शेवया लाकडी साच्यातून काढतात. आपल्या सोऱ्याचाच हा थोरला भाऊ. दांडा इतका लांब की माणूस त्यावर बसून भार देतो. कोरियातल्या प्योंगयांगच्या थंड रश्श्यातल्या नेंगम्यॉनच्या शेवयाही साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पडतात.

तिसरी वाट सरळ घावनाची. फ्रान्सच्या ब्रिटनीत पीठ, पाणी आणि मीठ यांचे मिश्रण काही तास मुरवतात, ‘बिलिग’ या सपाट तव्यावर ओततात आणि लाकडी दांडीने गोल फिरवत पातळ पसरवतात. हेच गालेत. वर अंडे, हॅम आणि चीज ठेवून कडा चौकोनी दुमडतात. सोबत सफरचंदाची सायडर. गव्हाचे गोड क्रेप वेगळे, आणि दोघांना एक म्हटलेले ब्रिटनीच्या माणसाला खपत नाही.

रशियाने पिठाच्या भानगडीत फारसे न पडता दाणाच शिजवला. भाजलेले सोललेले दाणे दुप्पट पाण्यात शिजवून वर लोणी घातले की ‘ग्रेचनेवाया काशा’ तयार. तिथली म्हण आहे: कुट्टूची काशा आमची आई, राईची भाकर आमचा बाप. टंचाईची नुसती कुणकुण लागली तरी रशियात दुकानांतून आधी हा दाणा गायब होतो; २०१०च्या अवर्षणात आणि २०२०च्या साथीत हेच दिसले. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी हीच काशा अमेरिकेत नेली; तिथे ती फुलपाखराच्या आकाराच्या पास्त्यात मिसळतात.

भारतात कुट्टू हिमालयातले पीक. उत्तराखंडात ओगल आणि फाफर, किन्नौरमध्ये ओगला, नेपाळात फापर. मुस्तांगच्या थकाली लोकांचा ढिंडो, म्हणजे घट्ट घोटलेली लापशी, त्याच पिठाचा. कोवळ्या पानांची भाजीही होते. मात्र हिरवे झाड जनावरांनी फार खाल्ले तर उन्हात त्यांच्या अंगावरचे पांढरे भाग सुजतात.

उत्तर भारतात नवरात्राच्या उपवासाला कुट्टूच्या पुऱ्या आणि पकोडे चालतात. पीठ बांधायला उकडलेला बटाटा किंवा अळकुड्या घालतात. ‘हे अन्नधान्य नव्हे, गवताचे बी नाही’ असे त्याचे समर्थन केले जाते. हाच निकष लावला तर महाराष्ट्रात उपवासाला चालणारी वरी बाद होईल, कारण ती चक्क गवत आहे. आपल्याकडच्या उपवासाच्या जुन्या यादीत वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा होते, कुट्टू नव्हता. तो अलीकडे पाकिटातून आला. दाण्यातल्या तेलामुळे त्याचे पीठ लवकर खवट होते, दमट हवेत बुरशीही धरते. उत्तरेत नवरात्रात या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामागे बहुधा गेल्या सणाचे उरलेले किंवा भेसळीचे पीठ असते. ताज्या पिठाला मातकट, खमंग वास येतो. कडवट तेलाचा वास आला तर ते वापरू नये.